पंचेचाळीस अंशांतला इंटरकूलर

गेल्या मे महिन्यात एका दुपारी साडेतीनच्या सुमारास एका आजींना आमच्याकडे आणले. वय ७८, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. बऱ्हाणपूरहून लग्न आटोपून घरची मंडळी सावद्याकडे निघाली होती. वाटेत रस्त्याचे काम, वाहनांची रांग, पाऊण तास गाडी जागच्या जागी. त्यातच एसी गार हवा देईनासा झाला. आजी आधी चिडचिड करू लागल्या, मग असंबद्ध बोलू लागल्या, मग बोलेनाशाच झाल्या. ताप मोजला, १०५ फॅरनहाइट. कातडी कोरडी ठक्क.

ओल्या चादरी, दोन पंखे, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, शिरेतून सलाईन. तासाभरात ताप १०१ वर आला. संध्याकाळी आजींनी चहा मागितला तेव्हा आमच्या सिस्टरांच्या चेहऱ्यावर हसू आले. हे सगळे घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे, कारण पुढची गोष्ट त्यांच्या नातवाशी झालेल्या बोलण्याची आहे.

नातू चोविशीतला, घरचा केळीचा व्यापार, गाड्यांचा जबर शौक. म्हणाला, "सर, गाडी दोन वर्षांचीसुद्धा नाही. एसीचा गॅस महिन्यापूर्वीच तपासलाय. मग एसी बंद पडला कसा?" मी त्याच्याबरोबर आवारात गेलो. बंपरच्या जाळीमागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत ठोकळा बसवलेला होता. मोठा इंटरकूलर. शहरातल्या एका गॅरेजमधून मुद्दाम बसवून घेतलेला. उत्तर तिथेच होते.

डॉक्टराने इंटरकूलरवर का लिहावे, असे कोणी विचारील. पण उष्णता कुठून कुठे जाते आणि कुठे अडते, हा प्रश्न इंजिनाचा आहे तितकाच शरीराचाही आहे, आणि आपल्या खानदेशात तो चार महिने पोट भरून पुरतो. शिवाय २००४ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली तेव्हा टर्बो पेट्रोल गाडी म्हणजे अपूर्वाई होती. आज दहा-बारा लाखांच्या गाडीलाही टर्बो असतो आणि ती चालवणारी पोरे तिला 'स्पोर्ट्स कार' करायच्या मागे असतात. इंटरकूलर ही त्यातली पहिली खरेदी.

टर्बो करतो काय, तर वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवतो आणि त्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, तेच हे. इंटरकूलर ही तापलेली हवा इंजिनात शिरण्याआधी गार करतो. हवा गार असेल तर ती दाट असते, आणि पेट्रोल इंजिनात वेळेआधी भडका उडण्याचा धोका कमी राहतो. तो धोका वाढला की गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद आपोआप उतरते. पोरांना वाटते गाडी 'मेली'. खरे तर ती स्वतःला वाचवत असते.

थोडा हिशेब करू. बाहेर २० अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला. साधारण कार्यक्षमतेचा टर्बो धरला तर हवा ११० अंशांच्या आसपास तापते. बाहेर ४५ असेल, म्हणजे आपला मे, तर ती १४५ च्या घरात जाते. मधली वाढलेली उष्णता ७० टक्के काढून टाकणारा इंटरकूलर बसवला, तर २० अंशांच्या दिवशी इंजिनात ४८ अंशांची हवा शिरेल आणि ४५ च्या दिवशी ७५ अंशांची. म्हणजे त्याच गाडीला मे महिन्यात आठेक टक्के हवा कमीच मिळणार. आता पैसे घालून ८० टक्क्यांचा मोठा इंटरकूलर आणला, तर ७५ चे ६५ होतील. हवेची दाटी वाढली तीन टक्के. ठिणगीच्या वेळेचा फायदा धरून आणखी थोडे. त्यातून ठोकळ्याच्या आतल्या अडथळ्याने दाब थोडा पडतो, तो वजा. साठ-सत्तर हजारांच्या खर्चाचा हा हिशेब आहे, आणि बाहेर जी हवा आहे तिच्यापेक्षा गार कोणताही इंटरकूलर करू शकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाडीच्या नाकातून जी हवा आत शिरते तिच्यावर तीन जणांचा हक्क असतो. इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि इंजिनाचा रेडिएटर. तिघे एकामागे एक रांगेत उभे असतात. पहिल्याने हवा अडवली, तापवली की मागच्यांच्या वाट्याला उरलेली, गरम हवा येते. तिघांची गरज मात्र सारखी नाही. इंटरकूलरमध्ये शिरणारी हवा १४५ अंश, बाहेर ४५, म्हणजे शंभर अंशांचा फरक हाताशी आहे. रेडिएटरमधले पाणी नव्वद-शंभर, फरक पन्नासेक अंशांचा. एसीच्या कंडेन्सरमधला वायू अशा दिवशी साठ-पासष्ट अंशांवर असतो, म्हणजे जेमतेम पंधरा-वीस अंशांचा फरक. उष्णता वाहते ती फरकावर. ज्याचा फरक सर्वांत कमी त्याला हवेची सर्वांत जास्त गरज, आणि आपण नेमका त्याच्यापुढे ठोकळा उभा करतो. गाडी पळत असते तोवर वारा भरपूर असतो, चालून जाते. रांगेत थांबली की फक्त पंख्याच्या ओढीवर भिस्त. तीही अडली की इंजिन तापू लागते आणि संगणक सर्वांत आधी एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. इंजिन वाचते.

आणि आतला माणूस? त्याचे शरीर ३७ अंशांचे, कातडी पस्तीसेक अंशांची. बाहेर ४५. इथे फरक उलट्या दिशेचा आहे. हवा माणसाला गार करत नाही, तापवते. काच खाली करून गरम वारा घेतला तर आणखीच. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, ही मोठी देणगी आहे. आपली हवा कोरडी असल्याने घाम चटकन वाळतोही. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २४ अंश दाखवतो. म्हणून तर आपल्याकडे वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर चालतात, मुंबईत चालत नाहीत. पण म्हातारपणी घाम कमी येतो, तहान कमी लागते. लघवीच्या गोळ्यांनी शरीरातले पाणी आधीच उतरलेले असते. सर्दीच्या आणि मनोविकाराच्या काही औषधांनी घाम आणखी कमी होतो. (गोळ्या परस्पर बंद करू नका, उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून मात्रा बघून घ्या.) अशा माणसाच्या बाबतीत एसी ही चैन उरत नाही.

म्हणून माझे मत असे, की खानदेशात गाडी चालवणाऱ्याने इंटरकूलर निवडताना 'किती ताकद वाढेल' याच्या आधी 'एसीची हवा किती अडेल' हे विचारावे. गॅरेजवाला हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्याकडे गाडी उभी असते ती सावलीत.

त्या नातवाला मी आधी निदान करायला सांगितले. थर्मामीटर न लावता औषध देऊ नये, तसे इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान न बघता इंटरकूलर बदलू नये. स्टिअरिंगखालच्या जोडणीत लावायचे छोटे उपकरण हजारभर रुपयांत मिळते, मोबाइलवर आकडा दिसतो. महामार्गावर स्थिर वेगात हा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंशच जास्त असेल, तर कंपनीच्या इंटरकूलरला हात लावायचे कारण मला तरी दिसत नाही. जास्त असेल तर आधी तो धुवा. आपल्या रस्त्यांवरची धूळ, कपाशीचे तंतू, किडे, सगळे त्या बारीक पापुद्र्यांत अडकते. साध्या नळीने, हलक्या धारेने, शक्य तर आतल्या बाजूने बाहेर. सर्व्हिसिंगच्या जोरकस फवाऱ्याने पापुद्रे वाकतात आणि कायमची वाट लागते. मग नळ्यांचे जोड तपासा. एखादा क्लॅम्प ढिला असला की दाबलेली हवा तिथून सुटते आणि दोष इंटरकूलरवर येतो.

एवढे करूनही बदलायचाच असेल तर जाडीवर जाऊ नये. जाड ठोकळ्याच्या मागच्या भागाला पुढच्याने आधीच तापवलेली हवा मिळते, तो भाग फुकट जातो आणि मागच्यांची वाट मात्र पुरी अडवतो. पातळ आणि पसरट बरा. पापुद्रे फार दाटही नकोत. सावद्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नसावी. निर्यातीची केळी १३-१४ अंशांवर आणायची तर शीतगृहात खोकी कशी रचतात? ठासून भरली तर मधली केळी गरमच राहतात, कॉम्प्रेसर कितीही मोठा असो. नातवाने हे ऐकून मान खाली घातली, कारण त्याच्या वडिलांचे मजुरांशी रोजचे भांडण याच गोष्टीवरून चालते.

रचनेचे दोन प्रकार बाजारात मिळतात. 'बार अँड प्लेट' जड असतो. तो उशिरा तापतो, पण एकदा तापला की गार व्हायलाही वेळ घेतो. थोड्या थोड्या वेळाने जोर लावणाऱ्याला तो ठीक. 'ट्यूब अँड फिन' हलका असतो, हवा मोकळी जाऊ देतो, वारा लागताच निवतो. रोजची गाडी, गावात रांगा, महामार्गावर पळ, आत घरची माणसे, असे असेल तर मी दुसरा घेईन. बॉनेटवरच्या भोकाखाली, इंजिनाच्या डोक्यावर बसणारा इंटरकूलर सुबारूने प्रसिद्ध केला. त्याच्या नळ्या आखूड असतात आणि तो एसीच्या वाटेत येत नाही. पण थांबलेल्या गाडीत इंजिनाची सगळी वाफ त्याच्याच अंगावर येते.

पाण्यावर चालणाऱ्या इंटरकूलरबद्दल गैरसमज फार. पाणी उष्णता झटकन शोषून घेते हे खरे, पण शेवटी ती उष्णता पाण्याला हवेलाच द्यावी लागते, तीही पुढे बसवलेल्या वेगळ्या लहान रेडिएटरमधून. छोट्या धावेला उत्तम, लांब चढावर पाणीच तापत जाते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात असा इंटरकूलर थेट हवेच्या मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. तो काढून पुढे ठोकळा लावण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. आणि इंटरकूलरवर पाण्याची बारीक फवारणी? ही युक्ती रॅलीच्या गाड्यांत जुनी आहे. ती म्हणजे इंजिनाला फोडलेला घामच. आपल्या कोरड्या हवेत छान चालते, फक्त टाकी भरलेली हवी.

इंटरकूलरच्या पाठोपाठ 'रीमॅप' येतो, म्हणजे संगणकात फेरफार करून दाब आणि इंधन वाढवणे. पेट्रोल गाडीत त्याने इंजिनाचे नुकसान, डिझेलमध्ये मागे काळा धूर. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. मागून दुचाकीवर येणाऱ्याने तो का ओढावा? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलता येत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा माणूस बॉनेट उघडून बघतो, हेही लक्षात असू द्यावे.

आजींच्या गाडीतल्या मंडळींचे एक चुकले. त्या असंबद्ध बोलू लागल्यावर सगळ्यांनी 'लवकर दवाखाना गाठू' म्हणून तशीच गाडी दामटली, आणि एकाने तापाची गोळी तोंडात घातली. उष्माघातात तापाची गोळी चालत नाही, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जाते. सावलीत थांबायचे, जाड कपडे सैल करायचे, गाडीतल्या सगळ्या बाटल्या अंगावर रिकाम्या करायच्या, वारा घालायचा, १०८ ला फोन करायचा आणि अंग ओले ठेवतच पुढे निघायचे. पहिला अर्धा तास मेंदूचा असतो. त्या दिवशी गाडीत पाण्याच्या सहा बाटल्या होत्या, पाच भरलेल्या.

पंधरा दिवसांनी आजी तपासणीला आल्या, गाडी तीच. पुढची जाळी पहिल्यासारखी रिकामी दिसत होती. एसी लावून मला मुद्दाम आत बसवले. ठोकळा म्हणे गोदामात केळीच्या रिकाम्या क्रेटवर पडून आहे, निम्म्या किमतीत गिऱ्हाईक आले तर द्यायचा. मी म्हटले, गिऱ्हाइकाला आधी घरी कोण कोण असते ते विचार. आजी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, गोळी निम्मी केलीत ती तशीच ठेवायची ना?"