जवारी, तारपा आणि पायाखालचे पेडल

भाताची कापणी आटोपली की आमच्या बोर्डी, डहाणू, तलासरीच्या पट्ट्यात पाड्यापाड्यांवरून तारप्याचा सूर ऐकू येऊ लागतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, एवढेच हे वाद्य. तारपकरी मध्ये उभा राहतो आणि नाचणाऱ्यांचे वेटोळे त्याच्याभोवती फिरत राहते. या वादनात सूर मध्येच तुटत नाही. वादक गालांत हवा साठवून ती वाद्यात दाबतो आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत घेतो. जिभेचा मागचा भाग आणि मऊ टाळू मिळून तोंडाची पोकळी घशापासून क्षणभर वेगळी करतात, म्हणून हे साधते. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, ती आयुष्यभराच्या याच साधनेसाठी.

या अखंड सुराची ओढ गिटार वाजवणाऱ्या तरुणांनाही असते. गिटारची तार छेडली की सूर लगेच विरू लागतो. तो लांबवण्यासाठी, वाकवण्यासाठी, ओळखू येणार नाही इतका बदलण्यासाठी विजेच्या गिटारला पावलाने दाबायच्या छोट्या डब्या जोडतात. त्यांना पेडल म्हणतात. अलीकडे घरोघरी अशा दोन-चार डब्या दिसू लागल्या आहेत, आणि पालक मला एकच प्रश्न विचारतात : डॉक्टर, या कर्कश यंत्रांनी मुलाचे कान जातील का? उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पेडल म्हणजे आवाज वाढवण्याचे यंत्र नव्हे. तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की तार घोडीच्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करीत कंप पावते, उपस्वर फुलतात आणि सूर गुंजू लागतो. आवाज मोठा होत नाही, दाट होतो. मिरजेच्या कारागिरांनी हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जपले, आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गिटारचे ‘फझ’ पेडल वेगळ्या मार्गाने याच प्रकारचे काम करते. तारेच्या कंपनातून निर्माण झालेल्या विद्युत्‌लहरीचा माथा ते छाटून टाकते आणि त्या छाटणीतून नवे उपस्वर जन्माला येतात.

पूर्वी असा खरखरीत, भरलेला स्वर हवा असेल तर ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालवावा लागे, नाहीतर तो जखमी करावा लागे. 1964 साली डेव्ह डेव्हिस या इंग्रज वादकाने आपल्या स्पीकरचा पडदा चक्क ब्लेडने चिरला होता. त्याआधी अमेरिकेत नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या वादनात असाच फाटका स्वर उतरला. तो लोकांना आवडला, आणि 1962 साली तो देणारे ‘मेस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आले. माझ्या दृष्टीने ही आरोग्याच्या इतिहासातील एक छोटी, दुर्लक्षित घटना आहे. मोठ्या आवाजाचा पोत मोठ्या आवाजाशिवाय मिळू लागला. पीट टाउनशेंड यांच्यासारख्या वादकांनी आपल्या श्रवणहानीविषयी आणि कानांतील नादाविषयी जाहीरपणे सांगितले आहे. त्या पिढीने स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहून जे मिळवले, त्यातील बरेचसे आजचा मुलगा बंद खोलीत, बोलण्याच्या पातळीवर मिळवू शकतो.

कसे, ते थोडे सविस्तर सांगतो. हळू आवाजातच काही युक्त्या अधिक खुलतात. व्हॉल्यूमचे पेडल पूर्ण मिटून तार छेडावी आणि मग पावलाने ते सावकाश उघडावे. तारेचा ‘टण्ण’ हा आघात ऐकूच येत नाही, सूर सारंगीच्या गजाने काढल्यासारखा उगवतो. ‘डिले’ पेडल वाजवलेला स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवते. पुनरावृत्ती लांबवली की एकाच स्वराचा तारप्यासारखा अखंड आधार तयार होतो आणि त्यावर दुसरी धून वाजवता येते. साधारणपणे फझ आधी आणि डिले नंतर जोडतात. तो क्रम उलटा करून पाहावा : सारे प्रतिध्वनी एकत्र दळले जातात आणि गिटारची ओळखच पुसली जाते. तारांमध्ये कागदाची घडी अडकवून, खुंट्यांजवळचा तारेचा उरलेला तुकडा छेडून किंवा गिटारच्या लाकडावर बोटांनी ठोकून काढलेले बारीक आवाज एरवी वाया जातात. मात्र लाकडावरची ठोक पिकअपला पोहोचते का, हे आधी ऐकून घ्यावे. पोहोचत असेल तर घुमाराच्या पेडलमधून त्याचा मृदंग होतो.

‘वा-वा’ पेडलविषयी मला विशेष आपुलकी आहे, कारण ते शरीररचनेचा धडा देते. तोंडाने ‘ऊ’ म्हणा आणि न थांबता ‘आ’ पर्यंत या. कंठातून निघणारा स्वर तोच राहतो. ओठ आणि जीभ पोकळीचा आकार बदलतात, त्यामुळे निरनिराळे उपस्वर उठून दिसतात. वा-वा पेडल हेच पावलाने करते. ते सतत हलवण्याऐवजी एखाद्या मधल्या जागी स्थिर ठेवले, तर गिटार नाकात बोलल्यासारखी वाजते.

आता कानाकडे वळू. आंतरकर्णात प्रत्येक बाजूला सुमारे साडेपंधरा हजार केसपेशी असतात. त्या नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानाला संगीत आणि गोंगाट यांतील भेद कळत नाही. त्याला कळते ती तीव्रता आणि कालावधी. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची रूढ मर्यादा आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो : 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला जेमतेम पाव तास. जागतिक आरोग्य संघटना संगीत ऐकण्यासाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ही अधिक सावध मर्यादा सांगते.

पेडलचा धोकाही येथेच आहे. साध्या गिटारचा स्वर उठतो आणि विरतो, त्यामुळे कानाला मध्ये उसंत मिळते. फझचा स्वर सपाट आणि सलग असतो. शिवाय त्याचे उपस्वर नेमके 2000 ते 5000 हर्ट्झच्या टप्प्यात गर्दी करतात, आणि कर्णनलिकेची रचनाच अशी आहे की 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिच्यात अधिक तीव्र होतो. डिलेची पुनरावृत्ती फार वाढवली तर यंत्र स्वतःच गर्जू लागते आणि क्षणात आवाज कितीतरी पट चढतो. हेडफोन लावून हा प्रयोग करणाऱ्याचा एक हात व्हॉल्यूमच्या बटणावर असलाच पाहिजे.

गेल्या वर्षी अकरावीतला एक मुलगा वडिलांसह आला होता. रोज रात्री घरचे निजल्यावर दोन-अडीच तास हेडफोनवर सराव, आणि सकाळी कानांत किणकिण. वडिलांनी पेडल विकायचा निर्णय घेतलाच होता. मुलगा मान खाली घालून बसला होता. मी वडिलांना म्हटले, “साहेब, डब्या राहू द्या, हेडफोन माझ्याकडे ठेवा.” दोन आठवडे पूर्ण विश्रांती दिली, श्रवणचाचणी करून घेतली. किणकिण थांबली, आलेखही सरळ आला. आलेख सरळ म्हणजे कान पूर्ण सुखरूप असे मात्र समजू नये. काही इजा साध्या चाचणीत दिसत नाहीत. त्यानंतर छोटा स्पीकर, संध्याकाळची वेळ आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल इतकी पातळी, असे ठरले. आई त्याच खोलीत भाजी निवडत बसते. तिच्या तक्रारीवरून पातळी ठरते, आणि हे मापक मला कोणत्याही ॲपपेक्षा विश्वासार्ह वाटते. मुलाने नंतर सांगितले की हळू वाजवू लागल्यापासून व्हॉल्यूम पेडलची कारागिरी त्याला प्रथमच नीट ऐकू येऊ लागली.

कंबर आणि मान यांचेही थोडे ऐकावे. डब्या जमिनीवर विखुरलेल्या असल्या की मुले एका पायावर भार देऊन, मान वाकवून तासभर उभी राहतात. उतरत्या फळीवर त्या मांडाव्यात, सरावाला स्टूल घ्यावे, पाय आलटून-पालटून वापरावा.

विजेचे म्हणाल तर पेडल बहुधा 9 व्होल्टवर चालते. त्याची भीती नाही. ॲम्प्लिफायरला मात्र घरातील पूर्ण दाबाची वीज असते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत जोडण्या लवकर गंजतात, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून धातूच्या तारांना हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. तीन पिनांचा प्लग, तपासून घेतलेले अर्थिंग आणि पायात रबरी चप्पल हवीच.

सरावानंतर कानांत नाद येणे किंवा कान भरल्यासारखे वाटणे हे एका रात्रीत ओसरले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांकडे पोहोचावे; या आजारात औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक होतो.