गाडगेबाबांचे कीर्तन धूसर का?

4 जानेवारी 1954 रोजी मुंबईत आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटाचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला. ज्या जोतीरावांना त्यांनी गुरू मानले, त्यांच्यावरील चित्रपटासाठी बाबासाहेब स्वतः स्टुडिओत गेले. बाबुराव पेंढारकरांनी जोतीराव उभे केले, सुलोचनाबाईंनी सावित्रीमाई. चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना मात्र पदकापेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच आहे. शेंडगावचे डेबूजी, आपले गाडगेबाबा, या चित्रपटात स्वतः कीर्तन करताना दिसतात. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, वलगावजवळ बाबांनी प्राण सोडला. त्यांचे कीर्तन ज्यांनी कानांनी ऐकले ती पिढी आता संपत आली. उरली आहे ती ही फिल्म.

आणि ती आमच्या वस्तीत कोणत्या अवस्थेत पोहोचते? चेहरे पांढरे फटक, आवाज खरखरीत, संवाद अर्धे गिळलेले. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीनंतर अकोल्यात भरणाऱ्या धम्म मेळाव्यात, चळवळीच्या चित्रपटांच्या आणि गाण्यांच्या व्हीसीडी वर्षानुवर्षे चटईवर विकल्या गेल्या. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी कॉपी. आमचे लोक ती भाकरीच्या पैशातून घेत. त्या विक्रेत्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी निदान पोहोचवले तरी! आता व्हीसीडीचे यंत्रच भंगारात गेले, तेव्हा तीच धूसर प्रत मोबाईलवर आली. जोतीरावांच्या कपाळावर कुणाच्या तरी चॅनेलचा शिक्का आणि मध्येच तेलाची जाहिरात.

जुनी फिल्म स्वच्छ होत नाही, असे कुणी सांगू नये. अत्र्यांचाच 'श्यामची आई' सरकारी खर्चाने धुऊनपुसून 2023 च्या गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. चांगले झाले, तोही आमच्या भाषेचा ठेवा आहे. पण त्याच अत्र्यांचा 'महात्मा फुले' घराघरात का नको? राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम आहे, पुण्यात 1964 पासून चित्रपट संग्रहालय आहे. हक्काची अडचणही पुढे करता येणार नाही. कायद्याने चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो, ती मुदत केव्हाच उलटली. मग अडले कुठे? अडले ते कुणाचा वारसा आधी धुवायचा, या प्रश्नावर, असे आम्हाला वाटते.

जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'ची कथा तर आणखी बोलकी आहे. केंद्राचा पैसा, महाराष्ट्र शासनाचा पैसा, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती. मामुट्टींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ चित्रपट इंग्रजीत. तमिळ जनतेला तो आपल्या भाषेत पडद्यावर पाहायला 2010 साल उजाडावे लागले, तेही उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर! जनतेच्या पैशातून बनलेला चित्रपट जनतेपर्यंत नेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, याला काय म्हणावे? बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड शासन 1979 पासून स्वस्तात छापत आले आहे. ते कामही रखडले, तेव्हा 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण खंड छापायचे हे तत्त्व तरी शासनाने मान्य केले आहे. तेच तत्त्व चित्रपटाला लावा. पूर्ण लांबीची स्वच्छ प्रत, स्पष्ट आवाज, खाली मराठी अक्षरे, आणि किंमत मजुराला परवडेल अशी.

'सत्यशोधक' आला, 2025 मध्ये 'फुले' आला. त्यातल्या दुसऱ्याला कात्री लावण्यासाठी किती आटापिटा झाला, हे वाचकांना आठवत असेलच. नव्या चित्रपटांचे स्वागतच आहे. परंतु बाबासाहेबांनी ज्याचा मुहूर्त केला, तो चित्रपट दुसरा होणार नाही.

अमरावतीशी तर बाबासाहेबांचे नाते थिएटरातूनच जडले आहे. नोव्हेंबर 1927 मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशासाठीची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली इंद्रभुवन थिएटरात भरली होती. त्याच शहरातील विद्यापीठ आज गाडगेबाबांचे नाव मिरवते. त्या विद्यापीठाने चित्रपटाची चांगली प्रत मिळावी म्हणून संग्रहालयाकडे लेखी मागणी करावी. अमरावती आणि अकोल्यातील जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातून पडदा आणि प्रोजेक्टरचे भाडे काढून ठेवावे. येत्या 20 डिसेंबरला बाबांचे कीर्तन वलगावच्या पोरांना स्पष्ट ऐकू आले पाहिजे.