भारतमातेच्या हातातील धान

राष्ट्राला स्त्रीरूप देण्याची प्रथा केवळ भारतातील नव्हे. फ्रान्सने १७९२ साली राजेशाही मोडून प्रजासत्ताकाच्या मुद्रेवर स्त्रीप्रतिमा कोरली. ती पुढे ‘मारियान’ म्हणून लोकमान्य झाली. परंतु फ्रेंच स्त्रीला मताधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. प्रतिमेचा मान हाडामांसाच्या स्त्रीपर्यंत पोचण्यास दीड शतक लागले.

भारतीय राज्यघटनेने स्त्रीला मत पुरुषाबरोबरच दिले. आपल्याकडील प्रश्न मालकीचा आहे. वंगभंगाच्या वर्षी, १९०५ साली, अवनींद्रनाथ ठाकुरांनी रंगविलेल्या भारतमातेच्या चार हातांत एकही शस्त्र नाही. पोथी, जपमाळ, शुभ्र वस्त्र आणि धानाच्या लोंब्या एवढेच तिचे ऐश्वर्य. त्यातील धान कोण पिकविते, हे गोंदियाच्या बांधीत पाहावे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भातशेतीवर आणि राईस मिलांवर उभा आहे. येथील रोवणी प्रामुख्याने स्त्रियाच करतात, दिवसभर चिखलात कमरेतून वाकून. उन्हाळ्यात त्याच तेंदूपत्ता तोडतात.

मात्र सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे असतो. हा केवळ मानापमानाचा मुद्दा नाही. पीककर्ज, पीकविमा आणि आधारभूत किमतीची धानखरेदी हे सारे सातबाऱ्यावर चालते. ज्याचे नाव उताऱ्यावर, तो शेतकरी. जिने रोवणी केली, ती मजूर किंवा नुसती घरधनीण. महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला समान वाटा दिला. तरीही माहेर तुटेल या धास्तीने बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. पत्नीचे नाव उताऱ्यावर लावण्यासाठी १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना निघाली. पण तीही पतीच्या मर्जीवर सोडली गेली. हक्क जेव्हा मर्जीवर सोपविला जातो, तेव्हा त्याचे दान होते.

मातेच्या जयजयकाराला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. नेहरूंनी ‘भारताचा शोध’मध्ये नोंदविले आहे की, भारतमाता म्हणजे या देशाची कोट्यवधी माणसे, असे ते शेतकऱ्यांना समजावून सांगत. त्या माणसांत रोवणी करणारी बाई पहिली धरावी लागेल. ग्रामसभांनी गावोगावचे सातबारे वाचून त्यांवर स्त्रियांची नावे किती, हे जाहीर करावे आणि पत्नीच्या नावाची नोंद शासनाने कायद्यानेच बंधनकारक करावी. मातेच्या पूजेचा खरेपणा तलाठ्याच्या दप्तरात तपासला गेला पाहिजे.