कुठली वाईन घेऊ? आधी थंडीचं विचारा

डिसेंबर उजाडला की माझ्या व्हॉट्सॲपवर ठरलेला प्रश्न येतो. "अरे, तू जर्मनीत असतोस, एखादी चांगली वाईन सुचव ना. येताना दोन बाटल्या घेऊन ये." विचारणारे बहुतेक कॉलेजातले मित्र असतात. यंदा मात्र चक्क आमच्या निफाडच्या मामांनी विचारलं. मामांची चार एकर खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे आणि अलीकडे दोन एकर वाईनची द्राक्षं लावलीत. माणूस एकादशी पाळणारा. म्हणाले, "आपण जे पिकवतो त्याचं पुढं काय होतं, ते एकदा कळू तर दे."

मित्रांना मी दरवर्षी दोन नावं सांगून मोकळा होतो. मामांना तसं उत्तर देता येईना. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये तेवढ्यावरून जुंपायला नको. दारू ती दारू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्वच्छ शब्दांत सांगितलंय की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही. "रोज एक ग्लास हृदयाला चांगला" वगैरे ऐकून कुणी सुरुवात करू नये. जे पीत नाहीत त्यांनी पिऊ नये. जे अधूनमधून घेतात, त्यांनी काय घेतोय हे समजून घ्यावं. आणि जे पीत नाहीत पण द्राक्ष पिकवतात, त्यांच्यासाठी तर ही पोस्ट जास्त आहे.

मी कोब्लेंझला राहतो. मोझेल नदी जिथं ऱ्हाइनला मिळते ते गाव. नोकरी यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, त्यामुळं तज्ज्ञ वगैरे मुळीच नाही. सुटीच्या दिवशी द्राक्षांचे डोंगर चढायचे आणि उतरल्यावर एखाद्या शेतकऱ्याच्या तळघरात बसून चाखायचं, एवढाच अभ्यास. पण निफाडच्या पोराला त्या डोंगरावर जे दिसतं ते इथल्या पर्यटकाला दिसत नाही.

काय दिसतं? थंडी.

कैरीचा आंबा होताना आंबटपणा कमी होतो आणि साखर वाढते. द्राक्षाचंही तसंच. हवा गरम असेल, विशेषतः रात्री उबदार असतील, तर आंबटपणा झपाट्यानं जातो आणि साखर भराभर चढते. पुढं याच साखरेचा अल्कोहोल होतो. म्हणून उष्ण मुलुखातली लाल वाईन सहज १४-१५ टक्क्यांवर जाते. घोट जड लागतो, घसा तापतो. थंड मुलुखात द्राक्ष सावकाश पिकतं. आंबटपणा टिकतो, साखर बेताची राहते, वास उमलायला वेळ मिळतो.

मोझेलच्या काठचे डोंगर इतके उभे की काही ठिकाणी एका रुळावर चालणाऱ्या छोट्या गाडीतून माणसं आणि क्रेट वर-खाली करतात. जमीन कसली, तर आपल्या शाळेतल्या पाटीच्या दगडाची. तो काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलीला ऊब देतो. नाशिक विसाव्या अक्षांशावर, हे पन्नासाव्या. इथं जुन्या पिढीचे शेतकरी सांगतात की दहा वर्षांत दोन-तीनदाच द्राक्ष नीट पिकायचं. म्हणून तर त्यांनी ऊन मिळवायला एवढे कडे चढले.

आता शिफारस. पांढऱ्यात पहिली मोझेलची रीसलिंग, लेबलवर 'काबिनेट' लिहिलेली. अल्कोहोल बऱ्याचदा आठ-नऊ टक्केच. किंचित गोड आणि त्या गोडाला पेलणारा लिंबासारखा आंबटपणा. तिखटावर जास्त अल्कोहोल घेतलं की आग वाढते आणि तुरट लाल वाईन कडू लागते. थोडी गोडी आणि आंबटपणा मात्र तिखट शमवतो. मिसळ, कोळंबीचं कालवण, साबुदाणा वडा यांच्याबरोबर ही बाटली घरच्यासारखी वागते. गोड नको असेल तर 'ट्रोकन' म्हणजे कोरडी घ्या. फ्रान्समधली शाब्ली पाहा. शार्दने हेच द्राक्ष, पण चुनखडीच्या थंड जमिनीतलं. तळलेल्या बोंबलाबरोबर एकदा घेऊन बघाच. भारतात सहज मिळणारी हवी असेल तर न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लाँ.

लालमध्ये माझी पहिली पसंती आर नदीच्या खोऱ्यातल्या श्पेटबुर्गुंडरला. पिनो न्वारचंच हे जर्मन नाव. रंग फिका, बाटलीतून पलीकडचं दिसावं असा. आपल्याकडे लाल म्हणजे गडद आणि तोंड आवळणारी अशी समजूत आहे. ही तशी नाही. वांग्याचं भरीत, मशरूमची भाजी, साधं मटण, फार मसाला नको. न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोची पिनो न्वार किंवा फ्रान्सच्या बोजोलेची गामे हीही त्याच घरातली. आणि एक विनंती. "लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी" हा नियम युरोपातल्या गार घरांचा आहे. मे महिन्यातल्या पुण्यातल्या खोलीचा नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग उघडा.

चाखायची कशी, हेही विचारतात. चेरी, चामडं, ओली माती असलं काही ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही. मी तीन प्रश्न विचारतो. तोंडाला पाणी सुटलं का? घसा तापला का? घोट गिळल्यावर चव किती वेळ राहिली? एवढ्यावर निम्मं काम होतं.

इथपर्यंत सगळं गोडगोड. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला एकाच मळ्याच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून पाजल्या. एक २०१८ ची, एक २०२१ ची. २०१८ चा उन्हाळा इथं कडक आणि कोरडा होता. ती वाईन भरदार, पिकलेल्या पीचसारखी, पण थोडी सैल. २०२१ थंड आणि ओलं. ती काटक, आंबट, ताठ. मी म्हणालो, मला २०२१ आवडली. तो हसला आणि म्हणाला, "माझ्या तरुणपणी आम्ही अशा सालाला वाईट साल म्हणायचो. आता जपून ठेवतो."

तेच २०२१ साल. पांढऱ्यांना ताठ चव देणाऱ्या त्याच ओल्या उन्हाळ्यात, १४ जुलैच्या रात्री, आर नदीला पूर आला. मी ज्या खोऱ्यातली लाल वाईन वर सुचवली तेच खोरं. १३० हून अधिक माणसं गेली. घरं, पूल, तळघरं, पिंपं वाहून गेली. चिखलानं माखलेल्या बाटल्या बाहेर काढून, न धुता, मदतनिधीसाठी विकल्या गेल्या. तशी एक माझ्या कपाटात आहे. उघडलेली नाही.

आणखी एक गोष्ट. इथं 'आइसवाइन' नावाची प्रसिद्ध गोड वाईन होते. द्राक्ष वेलीवरच गोठू द्यायचं आणि पारा उणे सातच्या खाली गेला की पहाटे तोडायचं. २०१९ च्या हंगामात पूर्ण जर्मनीत कुठंच तेवढी थंडी पडली नाही. त्या सालची आइसवाइन झालीच नाही. इतिहासात पहिल्यांदा.

फायदा कुणाचा झालाच नाही असं नाही. जर्मनीची लाल वाईन आज पूर्वीपेक्षा चांगली होते, हे शेतकरी स्वतःच कबूल करतात. शॅम्पेन बनवणाऱ्या टेटांजे कंपनीनं २०१५ मध्ये इंग्लंडात केंटला जमीन घेतली, तीही उगीच नाही. थंडी उत्तरेकडे सरकतेय आणि ज्यांच्याकडे पैसा आहे ते तिच्यामागे सरकताहेत. मोझेलच्या शेतकऱ्याला डोंगर उचलून नेता येत नाही. निफाडच्या मामांना तर नाहीच.

फोटोंचं एक उदाहरण देतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये शाब्लीच्या मळ्यांत रात्रभर हजारो मेणबत्त्या पेटवल्याचे फोटो जगभर फिरले. मार्च गरम गेल्यामुळं वेलींना कोंब लवकर फुटले आणि मग दव गोठलं. कोंब वाचवायला जाळ. ते फोटो बघून इथले लोक म्हणाले, काय सुंदर दृश्य! मला निफाड आठवलं. आमच्याकडे थंडीची लाट आली की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. लहानपणी मामांबरोबर मीही धुरात डोळे चोळत उभा राहिलोय. त्या रात्री सुंदर नसतात. पूर्ण वर्षाचं कर्ज त्या मण्यांत असतं.

आता नाशिकचं. मोझेलवाल्यांनी ऊन मिळवायला डोंगर चढले, आपण थंडी मिळवायला कॅलेंडर फिरवलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरला की फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात पिकतं, आपल्याकडे हिवाळ्यात. नाशिकच्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँमध्ये जो ताजेपणा आहे तो या हिवाळ्यातल्या रात्रींचा आहे. म्हणजे नाशिकची वाईन डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींवर उभी आहे. त्या रात्री उबदार झाल्या, पाऊस नोव्हेंबरात घुसला, तर आपल्याकडे फिरवायला दुसरं कॅलेंडर नाही.

यावर महाराष्ट्रात चर्चा कधी झाली? आठवून बघा. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनरी उभ्या राहिल्या, चांगलं झालं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय झाला आणि महिनाभर रणकंदन. एक बाजू म्हणाली वाईन म्हणजे दारू नव्हेच, दुसरी म्हणाली संस्कृती बुडाली. दोन्ही बाजूंना शेतकऱ्याचा पुळका. निर्णय बारगळला, विषय संपला. भांडण सगळं दुकानातल्या फळीवर. वेलीवर काय चाललंय हे कुणी विचारलं नाही.

दरम्यान बाहेरची वाईन दारात आली आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २०२२ च्या डिसेंबरअखेर लागू झाला. पाच डॉलरच्या वरच्या बाटलीचं आयातशुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीचं ७५ वर, आणि दरवर्षी ते उतरत जाणार. टास्मानिया, यारा खोरं या तिकडच्या थंड भागातल्या वाईनशी आपली स्पर्धा चवीवर होणार. त्या वेळी "शेतकऱ्यासाठी प्या" ही जाहिरात चालणार नाही, आणि चालूही नये.

म्हणून माझी मतं, पटली तर घ्या.

एक. वाईनच्या द्राक्षाचा भाव नुसत्या साखरेवर ठरू नये. आंबटपणा टिकवून वेळेवर तोडणाऱ्या शेतकऱ्याला जास्तीचे दोन पैसे करारातच लिहून मिळावेत. साखर वाट पाहून वाढते, गेलेला आंबटपणा परत येत नाही.

दोन. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसलीत. रात्रीच्या किमान तापमानाची त्यातली आकडेवारी गावात, मराठीत, बागायतदाराला समजेल अशी लावा. गारपिटीचा पंचनामा होतो, अवकाळीचा होतो. उबदार रात्रीचा पंचनामा कोण करणार? तिचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, दोन वर्षांनी बाटलीत कळतं.

तीन. पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. उन्हातही आंबटपणा धरून ठेवणाऱ्या वाईनच्या जातींवर तिथं भरपूर काम व्हावं, त्याला पैसा मिळावा. वेल लावल्यावर पंधरा-वीस वर्षं तीच राहते. आज लावलेली वेल २०४० च्या रात्रींत पिकणार आहे.

आणि पिणाऱ्यांनी काय करावं? लेबलवरचं तोडणीचं साल वाचा, अल्कोहोलचा टक्का वाचा, द्राक्ष कुठल्या गावचं ते विचारा. ज्या वाईनरीला हे सांगता येतं तिची बाटली घ्या. कमी घ्या, चांगली घ्या.

मामा, तुमच्यासाठी दोन बाटल्या आणतोय. एकाच मळ्याची २०१८ आणि २०२१. तुम्ही एक-एक घोट घ्या, बाकी आम्ही बघतो. पण येण्याआधी एक काम करून ठेवा. तुमची ती फवारणीची वही आहे ना, औषध-तारीख-प्रमाण लिहिता ती, तिच्यात एक रकाना वाढवा: रात्रीचं किमान तापमान. बागेत थर्मामीटर लावा आणि आजपासून लिहायला घ्या.