व्हिएन्नातले हात

१९४७ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या एकेजी या कंपनीचा ‘सी १२’ मायक्रोफोन १९५३मध्ये आला. त्याची पितळी कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, आजही स्टुडिओंत कसोटी मानली जाते. पुढे एकेजी हार्मन या ऑडिओ कंपनीकडे गेली. २०१७मध्ये सॅमसंगने हार्मनच सुमारे ८०० कोटी डॉलरला घेतली. त्याच सुमारास व्हिएन्नातले काम बंद झाले. नाव तेवढे विकले जात राहिले. मला याचे फार वाईट वाटते. कॅप्सूलचा पडदा किती ताणायचा, हे आराखड्यात पुरते उतरत नाही, हाताला ठाऊक असते. व्हिएन्नातल्या त्याच हातांपैकी काहींनी ऑस्ट्रियन ऑडिओ ही कंपनी उभारून २०१९मध्ये सिरॅमिक कॅप्सूलचा ‘ओसी ८१८’ घडवला. २०२५मध्ये डेनॉन आणि मरांट्झ हे ऑडिओ ब्रँडही हार्मनकडे आले. त्यांच्या जपानमधल्या शिराकावाच्या कारखान्यातली जाणती मंडळी तिथेच राहोत.