बालमात्रा पडताळणार कोण?

भुईगावसारख्या वसईच्या किनारी गावात ताप-खोकल्याने बेजार झालेले मूल पुष्कळदा प्रथम वैद्यांच्या दवाखान्यात, नाहीतर थेट औषधाच्या दुकानात आणले जाते. बालरोगतज्ज्ञ हा त्यानंतरचा टप्पा. म्हणजे मुलाच्या मात्रेचा पहिला निर्णय आपल्याच व्यवसायात होतो. तो पडताळून पाहणारा जाणकार मात्र आपल्याकडे नाही.

पाश्चात्त्य देशांत बालरुग्णांचा क्लिनिकल फार्मासिस्ट हा स्वतंत्र पेशा आहे. तो डॉक्टरांसमवेत वॉर्डात फिरतो, मुलाचे वजन व मूत्रपिंडाची क्षमता पाहून मात्रा पडताळतो आणि पुढे तेच ज्ञान महाविद्यालयात शिकवितो. औषधांच्या चाचण्यांतून वगळली गेलेली मुले ही उपचारांच्या जगातील पोरकी होत, असे अमेरिकेतील हॅरी शर्की यांनी १९६८ मध्ये लिहिले. भारतात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम २००८ पासून आहे. परंतु या पदवीधरांना बालरुग्णांच्या खाटेपर्यंत नेणारी पदे अत्यल्पच आहेत.

आयुर्वेदाला हा विचार परका नाही. काश्यपसंहितेत नवजातास विडंगाच्या फळाएवढी मात्रा सांगून ती महिन्यागणिक वाढविली आहे, आणि आवळ्याएवढ्या मात्रेपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादाही घातली आहे. शार्ङ्गधराने पहिल्या महिन्यास एक गुंज, वर्षापर्यंत दरमहा एकेक गुंज आणि पुढे सोळाव्या वर्षापर्यंत दरवर्षी एकेक माष अशी वाढ दिली. एवढी सूक्ष्मता वारशाने लाभली असता आपल्या कित्येक बाटल्यांवर ‘मुलांना अर्धी मात्रा’ एवढेच छापलेले असते. दोन वर्षांचे आणि बारा वर्षांचे मूल एकाच मापाचे कसे मानावे?

२०२५ मध्ये छिंदवाडा परिसरात दूषित खोकल्याच्या सिरपाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ दुकानात ओळखता येत नाही, हे मान्य. परंतु त्या सिरपात क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन होते, आणि हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिली होती. ती सूचना चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या आणि बाटली देणाऱ्याच्या ध्यानात आणून देणे, हेच अशा फार्मासिस्टचे काम.

एका दवाखान्याला वा दुकानाला असा तज्ज्ञ नेमणे परवडणार नाही. संघटनेला मात्र परवडेल. तालुक्यातील सभासदांनी मिळून एक फार्म.डी. पदवीधर मानधनावर नेमावा. त्याने चिठ्ठ्या पडताळाव्यात, मुलाला आधीच चालू असलेल्या आधुनिक औषधांची विचारपूस करावी आणि दर तिमाहीस आपला वर्ग घ्यावा. तोवर वैद्यांनी प्रत्येक बालरुग्णाच्या चिठ्ठीवर वय व वजन लिहावे, दुकानदारांनी घरच्या चमच्याऐवजी मापाची पिचकारी द्यावी आणि औषध बनविणाऱ्या सभासदांनी वयोगटांनुसार मात्रा छापावी. कौमारभृत्याला अष्टांगांत स्वतंत्र स्थान देणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी एवढे तरी केलेच पाहिजे.