कंबरेचं दुखणं अन् विजेचं यंत्र



ऊस पिवळा पडला की आपण मुळाशी उकरून पाहतो. मग कंबर दुखली की नुसतं वरून विजेचं यंत्र का लावावं? सानगडी भागात काही घरी ते आम्ही पाहिलं. झटक्यानं स्नायू आखडतो, सैल होतो, घटकाभर बरं वाटतं. अन् गडी लगेच मोळी उचलायला निघतो! इथंच घात होतो. याच जातीचं 'टेन्स' यंत्र कंबरदुखीवर देऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१६ साली दिला. पेसमेकर बसवलेल्यांनी तर यंत्र लावूच नये. पाय बधिर झाले, लघवी अडली, तर थेट दवाखाना गाठावा. मोळी लहान बांधा, गुडघ्यात वाकून उचला. यंत्र उसनं मिळेल, कंबर मिळणार नाही.